सीलची गुंगी आणि मामाच्या नजरेतलं वजन

माझ्या ताईला सीलला गुंगी द्यायची होती आणि आमच्या बीड जिल्ह्यात समुद्र नाही. एवढीच काय ती अडचण.

ताई जनावरांची डॉक्टर. तलवाड्याच्या दवाखान्यात वर्षभर तिनं गाईंना कालवडी होऊ दिल्या, शेळ्यांच्या पोटफुग्या उतरवल्या आणि एक दिवस घरी येऊन सांगितलं, की दक्षिणेकडच्या बर्फाळ बेटांवर सीलचा अभ्यास करायला एक पथक चाललंय आणि त्यात तिनं अर्ज केलाय. सील म्हणजे समुद्रात राहणारं पण आपल्यासारखं हवेत श्वास घेणारं, पिल्लांना दूध पाजणारं जनावर. त्यातही ताईला हवे होते ते सगळ्यात मोठे, ज्यांच्या नराचं नाक सोंडेसारखं लोंबतं आणि अंग भरलेल्या टेम्पोएवढं असतं. हे जनावर किती खोल बुडी मारतं, कुठं कुठं जातं, हे कळायला त्याच्या डोक्यावर एक छोटं यंत्र चिकटवायचं असतं. तेवढा वेळ ते स्वस्थ पडून राहावं म्हणून गुंगी.

आईनं विचारलं, "तिकडं जेवायला काय देतेत?" वडील म्हणाले, "फोटो काढून आण." मी म्हणाले, "माझा विरोध आहे."

हे सांगायला हवं, की मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. वडील बीडच्या एका छापखान्यात कामाला. पाण्याच्या मोर्चाचं, ऊसतोड मजुरांच्या मेळाव्याचं, भोंदू बाबांच्या विरोधातलं, कुठलंही पत्रक छापलं की चुकलेले कागद घरी यायचे. आमच्या फळ्यांवर, डब्यांखाली, वह्यांच्या पाठीला पत्रकंच. 'जागे व्हा' हे दोन शब्द मी 'कमळ'च्या आधी वाचायला शिकले. त्यामुळे अन्याय दिसला की माझ्या हातून आधी मथळा निघतो आणि मग विचार. त्याच दिवशी मी पानभर पत्रक लिहून ताईच्या उशीवर ठेवलं. मथळा होता, 'सीलला कुणी विचारलं?' खाली मुद्दे होते: ज्याची संमती नाही त्याला बेशुद्ध करणं ही सक्ती आहे, विज्ञानाच्या नावाखाली ती चालणार नाही, वगैरे.

ताईनं ते नीट वाचलं. घडी घालून पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर औषधाचं गणित केलं. मग म्हणाली, "मुद्दा बरोबर आहे. विचारता येत नाही. म्हणून तर ते उठलंच पाहिजे, इतकी माझी जबाबदारी."

तिनं मला समजावून सांगितलं, कारण माझ्याशी भांडण्यापेक्षा समजावणं तिला स्वस्त पडतं. या जनावरांना काट्यावर चढवता येत नाही. नजरेनं वजन ठरवायचं आणि त्यावर औषध मोजायचं. औषध कमी पडलं तर ते अर्धवट गुंगीत पाण्याकडे सरकतं आणि पाण्यात गेलं की बुडतं. जास्त पडलं तर आणखी वाईट. सीलला मुळातच श्वास रोखून धरायची सवय. खोल बुडी मारणारं जनावर, ते झोपेतसुद्धा कितीतरी मिनिटं श्वास घेत नाही. गुंगीत त्यानं श्वास धरला, तर तो सवयीनं धरलाय की घ्यायचाच विसरलाय, हे कुणीतरी शेजारी बसून ओळखावं लागतं.

पथकाच्या प्रमुख एक डॉक्टर होत्या, कोकणातल्या. आमच्या घरात त्यांचं नाव 'मॅडम' एवढंच. पथकात एकच जागा उरली होती आणि तीन महिन्यांनी मॅडम व्हिडिओ कॉलवर समोर बसवून परीक्षा घेणार होत्या. फोटो दाखवणार, ताईनं वजन सांगायचं. "ज्याला वजन कळत नाही त्याच्या हातात सुई नाही," असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. ताई लहानपणापासून कशासाठी हट्ट करत नसे. या जागेसाठी मात्र ती रात्री दात खात झोपायची, म्हणजे मला ऐकू येईल इतके.

आधी आमच्या गोधड्यांवर संक्रांत आली. सीलच्या कातडीखाली चार-चार बोटं चरबी असते. सुई त्यातून आरपार जाऊन मांसात पोचली पाहिजे, नाहीतर औषध चरबीतच मुरून बसतं आणि भलत्या वेळी चढतं. ताईनं एक लाल भोपळा घेतला, त्याला माझी गोधडी दुहेरी गुंडाळली आणि लांब सुईनं टोचायला सुरुवात केली. भोपळ्यात सुई शिरल्याचं बोटांना कळलं पाहिजे, गोधडीत अडकल्याचंही. रोज वीस-पंचवीस वेळा. आठवडाभरानं आईनं त्या भोपळ्याची भाजी केली आणि ताईनं ती खाल्ली नाही. म्हणाली, "मला त्याचं अंग पाठ झालंय."

वजनासाठी मात्र आम्ही पालीला गेलो. तिथं बिंदुसरा धरणाच्या अंगाला मामाचा गोठा आहे. दोन म्हशी आणि तीसेक शेळ्या. मामा जनावरांच्या बाजारात नजरेसाठी प्रसिद्ध होता. बोकडाच्या पाठीवर, कमरेच्या वर, पंजा दाबायचा, दोन पावलं मागं सरायचा आणि आकडा सांगायचा. गिऱ्हाईक बोकड घेऊन जायचं आणि दुसऱ्या दिवशी निरोप यायचा, की मामानं सांगितलं तितकंच भरलं. मामा त्यावर फक्त मिशी एकदा डावीकडून उजवीकडं पुसायचा.

"मला ही नजर शिकवा," ताई म्हणाली.

"कावून? दवाखान्यात काटा न्हाई का?"

ताईनं फोनवर सीलचा फोटो दाखवला. मामानं फोन लांब धरला, जवळ धरला, आडवा केला.

"ही तर दर्याची म्हैस हाय," तो म्हणाला. "पाय कुठं ठेवलेत हिचे?"

"पाय न्हाईत तिला. वल्ह्यासारखे पंखे हायेत."

"मंग बाजाराला चालत कशी येती?" मामीनं विचारलं. मामीनं दोन मोसम ऊसतोड केली होती, त्यामुळे माणसांच्या कुठल्याही घोळक्याला ती टोळीच म्हणायची. "आन तुमच्या टोळीला मुकादम बाईमाणूसच हाय का? मंग जा. मी म्हनते जाच."

दोन महिने प्रत्येक शनिवार-रविवार ताई शेळ्यांमध्ये होती. ती आकडा सांगायची, मग मामा सांगायचा. सुरुवातीला फरक पडायचा आणि मामा म्हणायचा, "डॉक्टरीणबाई, तुमी केसं मोजलीत." मग फरक कमी होत गेला. शेवटी शेवटी तर मामाचा पंजा पाठीवर असतानाच ताई आकडा बोलायची आणि मामा मिशीवरून हात फिरवायचा. मी वही घेऊन बसायचे. त्याच वहीत मागच्या बाजूनं माझा सीलच्या हक्कांचा जाहीरनामा चालू होता. दोन्ही बाजू मधल्या पानांवर एकमेकींना भिडत चालल्या होत्या.

मग मोठ्या म्हशीच्या शिंगाचं प्रकरण झालं.

तिचं डावं शिंग वळत वळत गालाला लागलं होतं आणि टोक रुतायला लागलं होतं. ते कापायला हवं होतं आणि त्यासाठी गुंगी द्यायला हवी होती. ताईनं म्हशीला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायला सांगितलं, दुपारी औषधाची पेटी उघडली आणि म्हशीकडं बघत उभी राहिली. पेटीत छातीचा घेर मोजून वजन सांगणारी टेप होती. ती तिनं काढली नाही.

"टेप लाव ना," मी म्हणाले.

"तिकडं आधी गुंगी आणि मग टेप. जागा सील कुणाला टेप लावू देत नाही. मला नजरेनंच जमलं पाहिजे."

ती दोन पावलं मागं सरली, अगदी मामासारखी. "साडेतीनशे," ती म्हणाली. मामा म्हणाला, "म्हशीचं आपल्याला ठावं न्हाई. पन बघनं बराबर हाय तुझं." औषध भरलं, दिलं. मला काम होतं श्वास मोजायचं. मी म्हशीच्या नाकाजवळ पालथ्या घागरीवर बसले आणि दर मिनिटाला वहीत आकडा लिहू लागले. विरोध नोंदवून झाला होता, आता कामात कसूर नको.

म्हशीनं मान टाकली, डोळे अर्धे मिटले, ओठातून लाळ सुटली. सगळं पुस्तकाप्रमाणं. ताईनं शिंगाला तारेची करवत लावली आणि दोनदा ओढली.

तिसऱ्यांदा ओढायच्या आत म्हैस उठली. खुंट्याचा दोर जुना होता, तो तटकन तुटला. म्हैस कुणाच्या अंगावर आली नाही की बिथरली नाही. ती रोज दुपारी ज्या वेळी धरणाच्या पाण्यात जाऊन बसायची, तीच ही वेळ होती. एखादी बाई झोपेत उठून घागर घेऊन नळाला निघावी तशी ती लटपटत, ठाम, पाण्याकडं चालू लागली.

"पाण्यात न्हाई," ताई ओरडली. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "तिला पाण्यात जाऊ देऊ नका."

मामा पुढून आडवा झाला, म्हैस त्याला वळसा घालून गेली. ती गुडघाभर पाण्यात शिरली, तिला बरं वाटलं आणि तिथंच औषधानं तिला पुन्हा गाठलं. पुढचे पाय दुमडले. ती बसली. मग मान हळूहळू खाली येऊ लागली आणि नाकपुड्या पाण्याला टेकल्या.

मी पोचले तेव्हा पाण्यावर बुडबुडे येत होते. मी तिच्या जबड्याखाली खांदा घातला. म्हशीचं डोकं किती जड असतं हे ज्यांनी उचललं नाही त्यांना कुठल्याही पत्रकातून सांगता येणार नाही. मामानं दुसऱ्या बाजूनं शिंग धरलं, तेच, कापायचं राहिलेलं. ताई चिखलात पाय रोवून मानेच्या शिरेत उतारा देत होती, म्हणजे गुंगी उतरवणारं औषध.

"मोजतेस का?" तिनं मला विचारलं.

वही काठावर राहिली होती. मी तोंडानं मोजू लागले. एक श्वास. मग काहीच नाही. माझ्या गालावर तिचं ओलं नाक होतं, त्यातून हवा येत नव्हती. मी ताईकडं पाहिलं. ताईनं म्हशीच्या नाकपुडीत काडी घातली आणि हलवली. म्हैस माझ्या तोंडावर अशी शिंकरली, की पुढं दोन दिवस मला कानात तेच ऐकू येत होतं. मग तिचे श्वास सुरू झाले, दोन, तीन, चार. थोड्या वेळानं ती उठून उभी राहिली, शेण टाकलं आणि आम्ही तिघं कोण, अशा नजरेनं बघू लागली.

काठावर बसून ताईनं पायांचा चिखल खरवडला. मग म्हणाली, "औषध कमी पडलं. वजन चुकलं माझं."

मामाला ते लागलं. नजर ताईची होती, पण शिकवणी त्याची. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं ओळखीचा टेम्पो आणला, म्हैस चढवली आणि रस्त्यावरच्या वजनकाट्यावर नेली. काट्यावाल्यानं विचारलं, "मामा, ऊस कुठंय?" मामा म्हणाला, "तोंड नगं चालवू, काटा चालव." आधी म्हैस धरून, मग म्हैस उतरवून. फरक निघाला पाचशे वीस.

मामानं पावती उलटीसुलटी करून बघितली. मी वहीत लिहिलं आणि विचारलं, "मग बोकडांचं कसं बरोबर यायचं?"

घरी येऊन आम्ही एक बोकड धरला. मामानं पंजा दाबला आणि म्हणाला, "वीस." ताईनंही म्हटलं, "वीस." मग त्याला पोत्यात घालून ताणकाट्याला टांगला. बेचाळीस.

"काटा बिघडलाय," मी म्हणाले.

"काट्याला काय धाड भरली?" मामा म्हणाला. "वीसच भरंल हा."

"मामा, इथं बेचाळीस दिसतंय."

"आगं, मंग? डोस्कं, खुरं, कातडं, पोटातला पाला, हे कोन शिजवून खानार हाय? ते कावून मोजायचं?"

ताई जमिनीवर बसली आणि हसायला लागली, इतकी की मामीला वाटलं हिलाच गुंगी चढली. दोन महिने ती नजर कमवत होती आणि नजर पक्की झाली होती, अर्ध्या किलोचा फरक नाही. फक्त ती नजर जनावर बघतच नव्हती. ती कातडी, पोट, हाडकं सोडून सरळ मटण बघत होती. निरोप यायचे ते कापल्यानंतरच्या वजनाचे. मामाच्या तीन पिढ्या असंच मोजत आल्या होत्या आणि कुणालाच जिवंत बोकडाचं वजन कधी लागलं नव्हतं.

"पुस्तकातला म्हशीचा आकडा मला माहीत होता," हसू ओसरल्यावर ताई म्हणाली. "मी मुद्दाम बाजूला ठेवला. नजरेवर विश्वास टाकायचा म्हणून."

शिंग आम्ही पुढच्या आठवड्यात कापलं. टेप लावून, नवा दोर लावून, पाण्याकडच्या बाजूला बैलगाडी आडवी घालून. म्हैस पडून राहिली आणि वेळेवर उठली.

परीक्षा दहा दिवसांवर होती. ताईचा हिशोब सोपा होता. चूक सापडली होती, नजर दुरुस्त करायची, फोटो बघून बरोबर आकडे सांगायचे. मॅडमना पाली ठाऊक नव्हती. म्हैस जिवंत होती आणि ती काही बोलणार नव्हती.

"सांगायला पाहिजे," मी म्हणाले.

"जागा जाईल."

"तूच म्हणालीस ना, विचारता येत नाही म्हणून जबाबदारी. मग म्हैस बोलत नाही म्हणून तू गप्प बसणार?"

ताईनं माझ्याकडं पाहिलं. खरं सांगते, मला त्या वेळी जिंकल्याचा आनंद झाला नाही. माझ्या बोलण्यानं तिची जागा जाणार होती, माझी नाही. तत्त्व दुसऱ्याच्या खिशातून खर्च करणं किती सोपं असतं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. म्हणून मी त्या रात्री निदान माझ्या हातचं काम केलं. सीलच्या हक्कांचा जाहीरनामा मोडला आणि त्याचं दुसरं पत्रक केलं:

'सावध! सावध! सावध! गुंगी देणाऱ्या तमाम बंधू-भगिनींना जाहीर आवाहन! पाणी किती पावलांवर आहे? पाण्याची वाट अडवली का? दोर ओढून पाहिला का? वजन कातडीसकट सांगितलंत का? सुई चरबीपार गेली का? श्वास मोजणाऱ्याला दुसरं कुठलंही काम सांगितलं नाही ना? उतारा भरून हातात आहे का? पेटीत ठेवलेला उतारा हा उतारा नव्हे! जनावर उठेपर्यंत जागचे हलू नका!'

वडिलांनी ते छापखान्यातून मोठ्या टाईपात छापून आणलं. त्यांनी आयुष्यात छापलेलं हे पहिलं पत्रक होतं ज्यात कुणाचा निषेध नव्हता. ते ताईनं टेबलामागच्या भिंतीवर चिकटवलं आणि परीक्षेला बसली.

मी दाराआडून ऐकत होते. फोटो सुरू होण्याआधीच ताई म्हणाली, "मॅडम, आधी एक सांगायचंय." आणि तिनं सगळं सांगितलं. टेप पेटीतच ठेवल्याचं, दोर न तपासल्याचं, बुडबुड्यांचं, मामाच्या वीस किलोचं.

मग मॅडम म्हणाल्या, "फोटो बघा. मला दोन्ही आकडे सांगा. सगळं मिळून किती, आणि मामांच्या हिशोबानं किती."

ताई सांगत गेली. मधे एकदा मॅडमनी थांबवून समजावलं, की लठ्ठ सीलला सगळ्या वजनावर औषध दिलं तर चरबी आपला वाटा घेत नाही, तो उरलेल्या अंगावर चढतो आणि जनावर उठायला उशीर करतं. म्हणून चरबी सोडून किती, हाही अंदाज लागतो. "तुमचा पहिला आकडा अजून कच्चा आहे," त्या म्हणाल्या. "दुसरा चांगला आहे." मग म्हणाल्या, "ते मागं भिंतीवर काय आहे? वाचून दाखवा."

ताईनं 'सावध, सावध, सावध'पासून वाचलं.

निकाल तिथंच मिळाला. ताईला घेतलं होतं, पण सुई मिळणार नव्हती. "दोर तपासला नाहीत," मॅडम म्हणाल्या. "या मोसमात तुम्ही श्वास मोजाल. दुसरं कुठलंही काम नाही. तुमच्या पत्रकातच आहे तसं."

फोन ठेवल्यावर ताई बाहेर आली. मला वाटलं रागावेल. ती म्हणाली, "तुझं कलम मलाच लागलं," आणि माझी गोधडी मला परत दिली. तिला दीडशेच्या वर भोकं होती.

ताई गेल्यावर दीड महिना काही खबर नव्हती. मग एका दुपारी मी पालीला असताना तिचा आवाजी निरोप आला, वाऱ्यानं फाटलेला. मी फोन मामाच्या कानाजवळ धरला आणि मामी मधे डोकं घालून ऐकू लागली.

ताई सांगत होती, की पहिल्या सीलला गुंगी दिली. मादी होती. डोळे झाकायला डोक्यावर कापडी पिशवी घातली, पाण्याकडच्या बाजूला दोघं उभे राहिले. ताई मादीच्या नाकाशी गुडघ्यावर बसून मोजत होती. यंत्र चिकटवत असताना श्वास थांबला. एक मिनिट, दोन, तीन. सगळे ताईकडं बघायला लागले. ती म्हणाली, अजून सवयीचाच आहे, थांबा. आणखी थोडा वेळ गेला आणि नाकपुडीची कड अगदी सैल पडल्यासारखी वाटली. मग तिनं थांबायचं सोडलं आणि नाकावर टिचकी मारली. 'आणि बाई,' ताई म्हणाली, 'तशीच शिंकरली गं. तोंडभर.' पुढं वारा होता.

निरोपासोबत फोटो होता. करड्या वाळूवर पसरलेली प्रचंड मादी, शेजारी टेप आणि कोपऱ्यात लाल टोपी घातलेली ताई. मामानं फोन लांब धरला, जवळ धरला. उजव्या हाताचा पंजा हवेत थोडासा दाबला. मी वही उघडली, आता आकडा सांगेल म्हणून.

"पन उठली का ती?" मामानं विचारलं.

मी पुढचा निरोप लावला. त्यात ताईचं एकच वाक्य होतं. उठली, आमच्याकडं बघितलं आणि पाण्यात गेली, नीट शुद्धीत.

"मंग झालं," मामा म्हणाला आणि म्हशी सोडायला उठला. त्यांची पाण्यावर जायची वेळ झाली होती.